राजमा, काबुली हरभरा की अख्खा मसूर? रोजच्या जेवणासाठी एक निवडताना

आहारात कडधान्यं वाढवायची, एवढं बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते त्याच्या पुढे. हौसेने कधीतरी केलेलं कडधान्य वेगळं आणि दिवसाआड ताटात येणारं वेगळं. रोजचं म्हटलं की एक मुख्य कडधान्य ठरवावं लागतं, जे घरात कायम असेल, ज्याच्या डब्याकडे हात आपोआप जाईल. बाकीची त्याच्या जोडीला येतात. मी लिहितोय ते या एका निवडीबद्दल.

माझ्यापुरती चुरस तिघांत होती: राजमा, काबुली हरभरा आणि अख्खा मसूर. राजमा म्हणताना मी काळा, पांढरा, चितकबरा असे घेवड्याचे सगळे वाळलेले दाणे त्यात धरतो, कारण वनस्पती एकच आहे आणि स्वयंपाकघरात त्यांचं वागणंही जवळपास सारखंच. मूग, चवळी आणि सोयाबीन यांचा उल्लेख मधूनमधून येईल. हे तिन्ही दाणे मी बरीच वर्षं आलटूनपालटून शिजवत आलोय, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातला बराच भाग अनुभवाचा आहे. तुमचं पाणी, तुमची भांडी आणि तुमचं पोट वेगळं असू शकतं, हे धरूनच वाचावं.

पोषणाच्या तक्त्यावर हा निकाल लागत नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात, काबुली हरभऱ्यात ८.९ आणि राजम्यात ८.७. यात डावं-उजवं काय करणार? फायबर तिघांतही ६ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान. उष्मांकांत हरभरा थोडा वर, १६४ किलोकॅलरी, कारण त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. राजम्यात १२७, मसुरात ११६. फोलेट, म्हणजे एक बी जीवनसत्त्व, मसुरात १८० मायक्रोग्रॅमच्या आसपास, हरभऱ्यात १७०, राजम्यात १३०. लोहातही मसूर किंचित पुढे, १०० ग्रॅममागे ३.३ मिलिग्रॅम. गरोदरपणाची तयारी करणाऱ्या स्त्रीला फोलेटचा हा फरक महत्त्वाचा वाटू शकतो (अर्थात डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची जागा मसूर घेत नाही). बाकीच्यांनी या आकड्यांवर फार वेळ घालवू नये.

प्रथिनांचा आकडा हेच एकमेव ध्येय असेल, तर हे तिघेही बाजूला ठेवून सोयाबीनकडे जावं. शिजवलेल्या १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये १६ ते १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि त्यातली अमिनो आम्लंही बऱ्यापैकी संतुलित असतात. मसूर, राजमा, हरभऱ्यात लायसिन भरपूर पण मिथिओनिन कमी. धान्यांत नेमकं उलटं. त्यामुळे दिवसभरात कधीतरी भात, पोळी, पाव, ओट्स असं काही पोटात गेलं की ती उणीव भरून निघते. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असं नाही. सोयाबीन माझ्या यादीतून गळलं ते चवीमुळे, आणि त्याबद्दल मी कुणाशी वाद घालणार नाही.

आरोग्याच्या फायद्यांतही या तिघांत फारसा फरक करता येत नाही. २०१४ साली कॅनडाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. दिवसाला साधारण १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांनी कमी झालं, असं त्यात दिसलं. त्या चाचण्यांत वेगवेगळी कडधान्यं होती, त्यामुळे श्रेय कुणा एकाचं नाही. १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली, तेव्हाही कडधान्यांचा सगळा कळप यादीच्या तळाशीच होता, म्हणजे रक्तातली साखर ती सावकाश वाढवतात. याच गटाने पुढच्या वर्षी आणखी एक छान गोष्ट दाखवली. सकाळी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते, कोंड्यासकटच्या गव्हाचा पाव खाल्ल्यावर चढते त्यापेक्षा कमी. प्रयोग मसुरावर केला होता म्हणून मला तो आवडतो, पण राजमा किंवा हरभरा घेतला असता तर निराळंच काही दिसलं असतं असं मी म्हणणार नाही.

त्या २०१४ च्या आढाव्यातला माझ्या दृष्टीने मोलाचा शब्द 'दिवसाला' हा आहे. १३० ग्रॅम म्हणजे एका जेवणातला भरपूर वाढप, आणि तो रोज. तेव्हा सगळ्यात पौष्टिक कोणतं हा प्रश्न मी सोडून दिला. दमून घरी आल्यावर, पुढच्या तासाभरात जेवायला बसायचं असताना, यातलं कोणतं खरोखर शिजवलं जातं? त्या संध्याकाळी जे शिजतं, तेच आरोग्याला उपयोगी पडतं. आणि इथे एका कटकटीने माझा निर्णय केला.

ती कटकट म्हणजे गणंग दाणे. भिजवायचा वेळ नव्हे, कारण रात्री दाणे पाण्यात टाकायला अर्धं मिनिट लागतं आणि त्याची सवय होते. शिजायचा वेळही नव्हे. मोठ्या दाण्यांनी मला सतावलं ते एकाच भांड्यात निम्मे शिजून निम्मे न शिजण्याने.

राजमा रात्रभर नीट भिजलेला असतो. पाणी बदलून भांडं चढवलं, तास झाला, एक दाणा काढून अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबला की लोण्यासारखा सपाट होतो. मन खूश. दुसरा दाबला तर तो भुगभुशीत, खरखरीत फुटतो. तिसऱ्याची साल निघून येते आणि आत खडूसारखा पांढरा, कोरडा गाभा तसाच घट्ट. पाकीट तेच, भांडं तेच, आच तीच. आणखी अर्धा तास ठेवला तर पहिल्या जातीचे दाणे फाटतात, साली पाण्यावर तरंगू लागतात, सगळ्याचा गिचका व्हायला येतो, आणि तिसऱ्या जातीचे मात्र दाताखाली कटकन लागतातच. म्हणजे थांबावं तर कच्चे, शिजवावं तर लगदा. पाहुणे बसलेत, भात झालाय आणि भांड्यात हे.

याचं कारण दाण्यातच असतं, आणि ते दोन प्रकारचं. काही दाण्यांची साल इतकी बंद झालेली असते की पाणी आतच शिरत नाही. भिजवल्यावर ते लहान, तुकतुकीत, जसेच्या तसे राहिलेले दिसतात. ते डोळ्यांना दिसतात, वेचून टाकता येतात. दुसरा प्रकार फसवा. हे दाणे पाणी पितात, टम्म फुगतात, शेजाऱ्यांसारखेच दिसतात, पण शिजत नाहीत. दाणा मऊ होतो म्हणजे त्यातल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं आणि पेशी सुट्या होतात. दाणे उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यांच्यातलं फायटेट, म्हणजे दाण्यातला फॉस्फरसचा साठा, हळूहळू मोडतं. या फायटेटने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मग मोकळं होतं आणि जाऊन पेक्टिनला चिकटतं. असं बांधलेलं पेक्टिन पाण्यात विरघळायला तयार होत नाही. ज्या फायटेटला आपण लोह अडवतो म्हणून नावं ठेवतो, तेच दाण्याला शिजण्याजोगं ठेवत असतं, हे कळल्यावर मला त्या बिचाऱ्या रेणूबद्दल आदरच वाटू लागला.

थोडक्यात, सगळं अवलंबून आहे ते दाणा किती जुना आहे आणि कसा साठवला होता यावर. आणि नेमकं हेच विकत घेताना कळत नाही. पाकिटावर ते भरल्याची तारीख सापडते. पीक कधीचं आणि मधल्या काळात पोती कुठे होती, हे बहुतेक वेळा सापडत नाही. वेगवेगळ्या पिकांचे दाणे एकत्र झाले असतील तर एकाच पाकिटात मऊ आणि हट्टी दोन्ही निघतात. राजमा घरी आणणं माझ्यासाठी दर वेळी नशिबाचा भाग होऊन बसलं होतं.

उपाय नाहीत असं नाही, आणि मी ते मनापासून करून पाहिलेत. भिजवायच्या पाण्यात मीठ घातल्याने खरंच फरक पडतो. मिठाने दाणे कडक होतात हा समज चुकीचा आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. पाणी जड असेल तर त्यातलंच कॅल्शियम दाण्यांना घट्ट करतं, तेव्हा शक्य असेल तर हलकं पाणी वापरावं. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही दाणे पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नये, कारण आम्लात पेक्टिन टिकून राहतं. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर हट्टी दाणेही नरमतात, पण त्याने थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि हात जरा सैल सुटला तर साबणासारखी चव येते. प्रेशर कुकरने वेळ वाचतो, मात्र विषमता जात नाही. उलट झाकण बंद असल्यामुळे मधेच एक दाणा काढून बघता येत नाही. उघडल्यावर काय निघेल ते निघेल.

काबुली हरभऱ्याचं हेच दुखणं, माझ्या अनुभवात थोडं सौम्य. तो वेळ जास्त खातो, उघड्या भांड्यात दीड-दोन तास सहज, पण शिजतो तेव्हा बहुतेक दाणे बरोबरीने शिजतात. जुना हरभरा मात्र राजम्यालाही मागे टाकतो. तो कितीही शिजवला तरी आत एक पिठूळ कडकपणा ठेवून असतो.

आता मसूर. हा दाणा चपटा असतो, साल पातळ, त्यामुळे पाणी आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला फार वाट चालावी लागत नाही. भिजवायची गरज नाही. उघड्या पातेल्यात, मध्यम आचेवर, वीस ते तीस मिनिटांत होतो. मी घरात पाऊल टाकल्यावर पाणी चढवतो, मसूर धुऊन टाकतो, आणि कांदा-लसूण चिरून परतेपर्यंत तो खाण्याजोगा होत आलेला असतो. जुना मसूरही चिवट होतो, असं नाही की त्याला हा नियम लागू नाही. पण मी पाहिलंय ते असं की जुना झाला तर सगळं भांडं मिळून थोडं उशिरा शिजतं. निम्मे मऊ, निम्मे खडू, हे चित्र मला मसुरात क्वचितच दिसलंय. शिवाय उघडं पातेलं असल्यामुळे चमच्यावर चार दाणे घेऊन केव्हाही चव बघता येते, आणि हवं तिथे आच बंद करता येते. हे मोजमाप नव्हे, माझ्या भांड्यांतलं निरीक्षण आहे. पण त्यानेच पारडं खाली आणलं.

मसुराच्याही कुरबुरी आहेत, त्या सांगायला हव्यात. त्यात खडे निघतात. मोठ्या दाण्यांत खडा चटकन डोळ्यांत भरतो. मसुरात तो दाण्याच्याच आकाराचा, रंगाचा असतो, म्हणून ताटात पसरून निवडायला उजेड आणि लक्ष दोन्ही लागतं. हे काम वैतागाचं आहे, फक्त ते आधी करून ठेवता येतं: नवीन पाकीट आलं की मी एकदाच निवडून डब्यात भरतो. दुसरं म्हणजे लक्ष चुकलं तर पाच-सात मिनिटांच्या फरकाने अख्ख्या दाण्यांचा लगदा होतो. आणि दिसायला तो अनाकर्षक, शिजल्यावर मातकट तपकिरी. समोर वाढलं की बघणाऱ्याचे डोळे चमकतील असा काही तो नाही.

चव आणि पोताच्या बाबतीत तर मला वाटतं तो तिसराच. नीट जमलेल्या राजम्याची मलईदार, भरीव चव मसुराला नाही. हरभऱ्याचा खमंगपणा आणि आकार टिकवून ठेवायची ताकदही नाही. थंड सॅलडमध्ये, भाजून कुरकुरीत करायला, वाटून लावायला हरभऱ्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याचं शिजवलेलं घट्ट पाणीसुद्धा फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं, आणि अंडं न खाणाऱ्यांना ते बेकिंगमध्ये वापरता येतं. तुम्हाला स्वयंपाक करायला वेळ आहे, त्यात रस आहे, आणि दाणे कुठून येतात याची खात्रीची सोय आहे, तर हरभरा निवडणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही.

राजम्याबद्दल मात्र सुरक्षिततेचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कच्च्या राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, भरपूर असतं. अवघे चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि मग जुलाब होऊ शकतात. पूर्ण उकळीत हे लेक्टिन नष्ट होतं, आणि नीट शिजलेला राजमा अगदी सुरक्षित आहे. धोका आहे तो अर्धवट तापवण्यात. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तापमान १०० अंशांपर्यंत जाईलच असं नसतं, आणि ८० अंशांच्या आसपास तापलेले दाणे कच्च्यापेक्षा पाचपट विषारी ठरू शकतात, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवलंय. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा, ही त्यांची शिफारस. मग हवं तर मंद आचेवर ठेवा. वर सांगितलेल्या गणंग दाण्यांची मला जास्त धास्ती वाटायची ती यामुळेही: आतून खडूसारखा राहिलेला राजमा खावा की नाही, हा प्रश्न मला प्रत्येक घासाला नको होता. मसुरात आणि हरभऱ्यातही लेक्टिनं आहेत, पण कितीतरी कमी, आणि साध्या शिजवण्याने जातात.

गॅसबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून लिहितो, जरी माझा निर्णय त्यावर झाला नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या तोडायला लागणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नाही, त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. गॅस त्यातून होतो. भिजवून पाणी फेकल्याने या शर्करांचा काही भाग निघून जातो. म्हणजे या एका बाबतीत न भिजवता शिजणारा मसूर मागे पडायला हवा. माझ्या पोटाला तरी तो राजम्यापेक्षा हलका वाटतो, पण पोटाचं असं काही सर्वांना लागू करता येत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी मसूरही तासभर भिजवून पाणी ओतून द्यावं, आणि मूग किंवा चवळीपासून सुरुवात करावी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज कडधान्य खाणाऱ्यांना त्रासाबद्दल विचारलं होतं. घेवड्याच्या दाण्यांनी पहिल्या आठवड्यात गॅस वाढल्याचं निम्म्यापेक्षा कमी लोकांनी सांगितलं, चवळीच्या बाबतीत तर फक्त १९ टक्के लोकांनी, आणि आठवडे गेले तशी तक्रार कमी होत गेली. तेव्हा पहिल्या आठवड्यात पोट कुरकुरलं म्हणून सोडू नये. दोन-तीन चमच्यांपासून चढत जावं.

डबाबंद दाण्यांचं काय? गणंग दाण्यांवर तो खरा उतारा आहे, हे मान्य करायलाच हवं. कारखान्यात ते मोठ्या दाबाखाली, १२० अंशांच्या आसपास शिजवलेले असतात, त्यामुळे सगळे एकसारखे मऊ आणि लेक्टिनची काळजी नाही. प्रथिनं, फायबर जवळपास तेवढंच. त्यात मीठ जास्त असतं, पण पाणी गाळून दाणे नळाखाली धुतले की सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. राजमा किंवा हरभराच आवडत असेल आणि वेळ नसेल, तर घरात चार-दोन डबे ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. मला ते दाणे जरा जास्तच नरम वाटतात, आणि रोजच्या वापराला तेवढे डबे वाहून आणणं आणि टाकणं नकोसं होतं. एखाद्याला ही अडचण वाटणारही नाही, आणि मग माझा सगळा युक्तिवाद त्याच्यासाठी बराच सैल पडतो.

मसूर ठरलाच तर अख्खा की डाळ, हाही प्रश्न येतो. सोललेली डाळ पंधरा-वीस मिनिटांत विरघळते, पचायला हलकी, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना बरी. सालीबरोबर फायबरचा एक भाग जातो आणि चावायला काही उरत नाही. मी दोन्ही ठेवतो, जास्त अख्खा वापरतो. मोड आणायचे असतील तर सी जीवनसत्त्व वाढतं आणि फायटेट घटतं हे खरं, मात्र मोड कच्चे खाऊ नयेत. मोड येताना जी ऊब आणि ओल लागते ती जिवाणूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची मोठी साथ पसरली आणि त्यात ५० हून जास्त माणसं दगावली. मोड वाफवून घेतले की बहुतेक धोका टळतो.

लोहासाठी मसूर खात असाल तर दोन साध्या गोष्टी पाळा. ताटात वाढल्यावर लिंबू पिळा किंवा सोबत टोमॅटो, सिमला मिरची, संत्रं असं सी जीवनसत्त्वाचं काहीतरी घ्या. त्याने वनस्पतीजन्य लोह शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं. आणि चहा-कॉफी जेवणाला लागून पिऊ नका, तासाभराने प्या. तक्त्यातले ३.३ मिलिग्रॅम आणि रक्तात पोचलेलं लोह यांत मोठं अंतर असतं, ते अशा सवयींनी थोडं कमी होतं.

काहींनी मात्र माझं न ऐकता डॉक्टरांचं ऐकावं. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसचा हिशेब लागतो, आणि कडधान्यांत पोटॅशियम चांगलंच असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाबीन आणि गोळी यांत अंतर ठेवावं लागतं. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनी बाकला, म्हणजे फावा बीन पूर्ण टाळावा. आतडी फारच संवेदनशील असतील तर डबाबंद, धुतलेला मसूर थोड्या प्रमाणात बहुधा सोसतो, तिथून सुरुवात करून बघता येईल. गाउट, म्हणजे युरिक आम्लामुळे सांधे दुखण्याचा आजार असलेल्यांना मात्र विनाकारण घाबरवलं जातं असं मला वाटतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, बारा वर्षं चाललेल्या पाहणीत मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउटचं प्रमाण वाढलेलं दिसलं, प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक आम्ल बनतं) असलेल्या भाज्या आणि कडधान्यांमुळे ते वाढलेलं दिसलं नाही.

माझ्या घरात आता मोठा डबा अख्ख्या मसुराचा आहे. हरभरा सुट्टीच्या दिवशी होतो, एकदम जास्त शिजवून त्याचे भाग फ्रीजरमध्ये जातात. राजमा कमी झाला, पूर्ण गेला नाही. जमून येतो तेव्हा तिघांत तोच सर्वांत चवदार लागतो, हे मी कबूल करतो.

आणि तुम्हाला राजमाच हवा असेल तर एवढं करा. एका वेळी थोडाच आणा, जिथे माल पटापट खपतो अशा ठिकाणाहून, आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. नवीन पाकिटातला मूठभर आधी भिजवून शिजवून बघा, मगच त्या पाकिटावर चार माणसांच्या जेवणाची भिस्त ठेवा. भिजवताना पाण्यात मीठ, सकाळी न फुगलेले दाणे वेचून बाहेर, पाणी बदलून अर्धा तास खळखळ उकळी, मग मंद आच. मऊ झाला का हे बघताना एकच दाणा दाबून थांबू नका, भांड्याच्या वेगवेगळ्या जागांतून पाच दाणे काढा. पाचही बोटांत लोण्यासारखे दबले की मगच टोमॅटो घाला.